वाटाड्या आणि वाटसरू

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागले की आठ-दहा किलोमीटरवर पवनार येते. धाम नदीच्या काठी, थोड्या उंचवट्यावर विनोबा भावे यांचा आश्रम आहे. ही जमीन फार जुनी. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी पवनारला वाकाटकांची राजधानी प्रवरपूर मानले. पाचव्या शतकातला वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन इथून राज्य करीत होता, असे त्यांचे प्रतिपादन होते. राम सेतू बांधून लंकेला जातो त्या प्रवासाचे ‘सेतुबंध’ हे महाराष्ट्री प्राकृतातले महाकाव्य याच राजाच्या नावावर आहे. आश्रमाच्या शेतात खोदकाम सुरू झाले तेव्हा जमिनीतून जुनी शिल्पे निघू लागली. त्यांतले एक विनोबांनी भरत-भेट म्हणून ओळखले आणि भरत-राम या नावाने ते आश्रमात पूजेला ठेवले.

या शिल्पाला एक पूर्वकथा आहे. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे दर रविवारी त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. बाराव्या अध्यायावर बोलताना त्यांनी लक्ष्मण आणि भरत यांची तुलना केली. लक्ष्मण रामाबरोबर वनात गेला, रात्रंदिवस त्याच्याजवळ राहिला. भरत मागे राहिला. रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवून नंदिग्रामात तपस्व्यासारखा जगला आणि रामाचे काम करीत राहिला. चौदा वर्षांनी दोघे भेटले तेव्हा वनातून आलेला कोणता आणि अयोध्येजवळ राहिलेला कोणता हे ओळखू येऊ नये इतके ते सारखे दिसत असतील, असे विनोबांना वाटे. असे चित्र कुणी काढावे, अशी इच्छाही त्यांनी बोलून दाखवली होती. काही वर्षांनी पवनारच्या मातीतून जे शिल्प निघाले त्यात त्यांना तेच दृश्य दिसले.

वाट दाखवणारा आणि वाट चालणारा यांच्या नात्यावर जगातल्या अनेक थोर काव्यांची उभारणी झालेली आहे. त्या नात्याचे दोन प्रकार या शिल्पाच्या कथेत समोरासमोर येतात. एक बरोबर चालण्याचा, दुसरा दूर राहून त्याच वाटेवर टिकण्याचा. पहिला प्रकार आपल्याला लगेच समजतो. दुसरा कठीण आहे, पण पहिल्याची परीक्षा दुसऱ्यातच होते. हे प्रकरण त्या परीक्षेविषयी आहे.

वाट चुकलेला माणूस

युरोपच्या काव्यात या नात्याचे सर्वांत प्रसिद्ध चित्र इटलीच्या दान्तेने रेखाटले. दान्तेचा जन्म १२६५ साली फ्लॉरेन्समध्ये झाला. १३०२ साली त्याला शहरातून हद्दपार केले गेले. तो पुन्हा कधी आपल्या गावी परतला नाही आणि १३२१ साली राव्हेन्ना इथे वारला. हद्दपारीच्या वर्षांत त्याने ‘डिव्हाइन कॉमेडी’ हे शंभर सर्गांचे काव्य लिहिले. काव्यातला प्रवास १३०० सालच्या ईस्टरमध्ये घडतो. आयुष्याच्या मध्यावर पोहोचलेला एक माणूस अंधाऱ्या रानात वाट चुकतो. समोर उजेडातली टेकडी दिसते, पण चढू लागताच एक चित्ता, एक सिंह आणि एक लांडगी त्याला मागे रेटतात. तेवढ्यात एक आकृती दिसते. ती असते रोमन कवी व्हर्जिलची, जो या प्रवासाच्या तेराशेहून अधिक वर्षे आधी वारला होता.

व्हर्जिलच का, याचे उत्तर दान्ते स्वतः देतो. त्याच्या ओळी तो वर्षानुवर्षे वाचत आला होता. शिवाय व्हर्जिलने आपल्या ‘इनीड’ काव्यात नायकाला पाताळात नेऊन परत आणले होते. म्हणजे तो प्रदेश त्याने आधी शब्दांत पार केलेला होता. व्हर्जिल या भेदरलेल्या माणसाला सांगतो की समोरची सोपी वाट तुझ्यासाठी नाही, तुला दुसऱ्या वाटेने जावे लागेल. ती दुसरी वाट नरकातून आणि पापक्षालनाच्या पर्वतावरून वर जाते.

आता आपल्या मुलखातली एक कथा पाहू. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीला विठ्ठलपंत आपल्या मुलांसह प्रदक्षिणा घालीत होते. अचानक वाघ समोर आला. पळापळ झाली आणि थोरला मुलगा निवृत्ती बाकीच्यांपासून तुटला. रान तुडवीत तो एका गुहेत शिरला. तिथे गहिनीनाथ बसले होते. मच्छिंद्रनाथांकडून गोरक्षनाथांकडे आणि गोरक्षनाथांकडून गहिनीनाथांकडे आलेली विद्या त्या दिवशी निवृत्तीला मिळाली. निवृत्तीने ती धाकट्या भावाला, ज्ञानदेवाला दिली. त्या भावाने शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवासे इथे ज्ञानेश्वरी पुरी केली. दान्तेच्या काव्यातला प्रवास यानंतर अवघ्या दहा वर्षांनी सुरू होतो. एकमेकांचे नावही न ऐकलेल्या दोन मुलखांत, एकाच पिढीत, पंडितांची भाषा बाजूला ठेवून लोकांच्या बोलीत दोन महान काव्ये लिहिली गेली. आणि दोन्हींच्या पाठीशी रान, हिंस्र पशू, वाट चुकलेला प्रवासी आणि अनपेक्षित भेटलेला गुरू आहे.

या साम्यात मला एक खोल शहाणपण दिसते. ज्याची वाट सरळ चालली आहे त्याला वाटाड्याची गरज भासत नाही. भीतीने किंवा गोंधळाने आपली ठरलेली वाट मोडते तेव्हाच माणूस दुसऱ्याचे ऐकायला तयार होतो. कवींनी गुरूला रस्त्याच्या सुरुवातीला उभे न करता आडरानात उभे केले ते यासाठी.

बरोबर चालताना

‘डिव्हाइन कॉमेडी’ वाचताना मनात राहतात त्या व्हर्जिलच्या लहान लहान कृती. नरकाच्या दारावरचे भयंकर शब्द वाचून दान्ते थबकतो, तेव्हा व्हर्जिल त्याचा हात हातात घेऊन प्रसन्न चेहऱ्याने आत नेतो. पुढे एके ठिकाणी राक्षस पाठलाग करतात. आगीतून जागी झालेली आई अंगावरच्या वस्त्राचीही पर्वा न करता लेकराला उचलून पळते, तसा व्हर्जिल दान्तेला छातीशी धरून कड्यावरून घसरत खाली जातो. गुरूला आईची उपमा देणारा हा इटालियन कवी मराठी वाचकाला परका वाटत नाही. आपण तर ज्ञानदेवांनाच माउली म्हणतो.

अशाच एका सहप्रवासाचे काव्य मराठीत नामदेवांच्या नावाने आले आहे. ज्ञानदेवांच्या चरित्रावरच्या त्यांच्या अभंगांचे ‘आदी’, ‘तीर्थावळी’ आणि ‘समाधी’ असे तीन भाग मानले जातात. ‘तीर्थावळी’त ज्ञानदेव पंढरपूरला येतात आणि नामदेवांना तीर्थयात्रेला चला म्हणतात. नामदेवांचा पाय निघत नाही. विठ्ठलाला सोडून कुठे जायचे? शेवटी विठ्ठलच नामदेवांना ज्ञानदेवांच्या हाती सोपवतो, याला सांभाळ म्हणून सांगतो आणि मागे स्वतःच व्याकूळ होतो.

इथेही दान्तेशी नाते जुळते. व्हर्जिल आपण होऊन आलेला नसतो. दान्ते जिच्यावर जिवापाड प्रेम करी ती बिआत्रिचे स्वर्गातून खाली येऊन व्हर्जिलला त्याच्या मदतीला पाठवते. दोन्ही काव्यांत वाटाड्या हा कुणाच्या तरी मायेचा निरोप घेऊन आलेला असतो. प्रवासी त्याची मालमत्ता होत नाही. थोड्या काळासाठी जबाबदारीने जपायची ती ठेव असते. गुरूचा अहंकार जिथे सुरू होण्याची भीती असते, तिथेच कवींनी हा बांध घातला आहे.

सगळ्यांत सुंदर भाग वाटाड्या अडतो तेव्हाचा. मारवाडच्या वाळवंटात ज्ञानदेव आणि नामदेव तहानेने व्याकूळ होतात. विहीर सापडते, पण पाणी फार खोल. ज्ञानदेव योगसिद्धीने सूक्ष्म होऊन खाली जातात आणि पाणी पिऊन येतात. नामदेवांना ही विद्या येत नाही. ते विठ्ठलाचा धावा करतात आणि विहीर काठोकाठ भरून वाहू लागते. ज्ञानाची वाट दाखवणारा त्या क्षणी भक्तीपुढे नतमस्तक होतो. व्हर्जिलवरही अशी वेळ येते. नरकातल्या दिस नगरीचे दरवाजे राक्षस त्याच्या तोंडावर बंद करतात, त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरतो आणि वरून मदत येईपर्यंत त्याला थांबावे लागते. दान्ते ते पाहतो, घाबरतो, पण त्याची श्रद्धा तुटत नाही. गुरू सर्वज्ञ नसतो हे कळल्यावरही जे टिकते तेच नाते खरे, हे या प्रसंगांतून उमगते.

नाथ परंपरेने तर याच्याही पुढचे पाऊल टाकले. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात रमतात आणि आपली वाट विसरतात. त्यांना परत आणायला शिष्य गोरक्ष जातो आणि मृदंगाच्या नादातून गुरूला जागे करतो. ‘नवनाथ भक्तिसार’ या ग्रंथामुळे ही कथा महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली. इथे शिष्यच वाटाड्या होतो. ही कथा ध्यानात ठेवू, कारण वर्ध्याच्या इतिहासात तिचा पुन्हा उल्लेख येणार आहे.

हात सुटतो ती जागा

दान्ते आणि व्हर्जिल पर्वताच्या माथ्यावर पोहोचतात. पुढे स्वर्ग आहे आणि ख्रिस्तपूर्व काळातल्या व्हर्जिलला तिथे प्रवेश नाही. तो दान्तेला म्हणतो की आता माझ्या शब्दाची किंवा खुणेची वाट पाहू नकोस, तुझी इच्छाशक्ती मोकळी आणि सरळ झाली आहे, आता तुझा राजा तूच. त्यानंतर तीन सर्गांनी बिआत्रिचे समोर येते. हर्षाने आणि भीतीने थरथरणारा दान्ते, लेकरू आईकडे वळावे तसा व्हर्जिलकडे वळतो. व्हर्जिल नसतो. निरोपाचा एक शब्दही न बोलता तो गेलेला असतो. स्वर्गाच्या दाराशी उभा राहून दान्ते रडतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात हीच जागा येते. युद्धभूमीवर गोंधळलेल्या अर्जुनाचा सारथी त्याला सगळे ज्ञान सांगून होतो आणि मग म्हणतो की यावर पुरता विचार कर आणि तुला जसे वाटेल तसे कर. लगाम ज्याच्या हातात आहे तो निर्णय मात्र रथात बसलेल्याच्या हातात देतो. विनोबांनी ७ ऑक्टोबर १९३० रोजी वर्ध्यात गीतेचा मराठी समश्लोकी अनुवाद सुरू केला आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी तो पूर्ण झाला. तीच ‘गीताई’. मागे प्रेरणा होती आई रुक्मिणीबाईंची. संस्कृत कळत नाही, मराठीतली सोपी गीता दे, असे त्यांनी मुलाला सांगितले होते आणि चांगला अनुवाद मिळेना तेव्हा तूच का करीत नाहीस, असे विचारले होते. १९१८ साली त्या गेल्या. आईने दाखवलेली वाट मुलाने ती गेल्यावर बारा वर्षांनी चालायला घेतली. आज वर्ध्याजवळ गोपुरीच्या गीताई मंदिरात ते सगळे श्लोक उघड्या आकाशाखाली उभ्या केलेल्या शिळांवर कोरलेले आहेत. वाचायचे तर एका शिळेपासून दुसऱ्या शिळेपर्यंत पायी चालत जावे लागते.

मराठी काव्यात हात सुटण्याची जागा म्हणजे आळंदी. १२९६ साली कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली. ‘समाधी’च्या अभंगांत नामदेवांनी जे पाहिले ते आहे, आणि त्यातला सर्वांत जिव्हारी लागणारा शोक निवृत्तिनाथांचा आहे. ज्ञानेश्वरीत हेच निवृत्तिनाथ श्रोत्यांच्या पुढे बसलेले दिसतात. गुरुस्तुतीत रमलेल्या ज्ञानदेवांना आता ग्रंथाचा अर्थ सांग म्हणून ते मूळ विषयाकडे वळवतात. असा संयमी गुरू शिष्याच्या समाधीच्या वेळी कोसळतो. वाट दाखवणाऱ्यालाही विरह होतो हे व्हर्जिलच्या निःशब्द जाण्यातून आपल्याला कळत नाही. नामदेवांनी ते सांगितले.

आणि नामदेवांचे पुढे काय झाले? ज्या माणसाचा पाय पंढरपुराबाहेर निघत नव्हता तो पुढे उत्तरेत गेला. पंजाबच्या गुरदासपूर जिल्ह्यातले घुमान हे गाव आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच घुमानला भरले. ज्ञानदेवांनी हाताला धरून नेलेला शिंपी दूरच्या लोकांचा वाटाड्या झाला. ‘तीर्थावळी’तल्या प्रवासाचे फळ पाहायचे असेल तर आळंदीइतकेच घुमानकडे पाहावे लागेल.

वर्ध्याचा भरत

काव्यातले हे नाते माणसाच्या जगण्यात कसे उतरते याचे उदाहरण वर्धा जिल्ह्याला लाभले आहे. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला विनायक भावे हा तरुण, म्हणजे पुढचे विनोबा, सुरतेला उतरला आणि काशीला गेला. मनात हिमालयाची शांती होती आणि बंगालची क्रांती होती. बनारस हिंदू विद्यापीठातले गांधीजींचे गाजलेले भाषण त्याने वर्तमानपत्रात वाचले आणि शंका विचारणारी पत्रे लिहिली. गांधीजींनी भेटायला या असे कळवले. ७ जून १९१६ रोजी अहमदाबादच्या कोचरब आश्रमात तो पोहोचला तेव्हा गांधीजी भाजी चिरत होते. त्यांनी त्याच्याही हातात सुरी दिली आणि बोलणे सुरू झाले.

पुढे विनोबा वर्षभराची रजा घेऊन वाईला शिकायला गेले. तिथून त्यांनी आपल्या अभ्यासाचा आणि व्रतांचा अहवाल पत्राने कळवला. ते पत्र वाचून, गोरखने मच्छिंद्रावर मात केली, अशा अर्थाचे उद्गार गांधीजींच्या तोंडून निघाले. गुजरातेतल्या आश्रमात नाथांची ती कथा अशी अचानक बोलली गेली. शिष्य आपल्यापुढे जातो आहे याचा इतका मोकळा आनंद व्हायला मोठे मन लागते.

गांधीजींनी या शिष्याला जवळ ठेवले नाही. जमनालाल बजाज यांना वर्ध्यात सत्याग्रहाश्रम हवा होता. त्यासाठी ८ एप्रिल १९२१ रोजी विनोबा वर्ध्यात आले. तेरा वर्षांनी गांधीजी स्वतः वर्ध्याला आले आणि १९३६ मध्ये सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहू लागले. आता दोघांमध्ये काही मैलांचेच अंतर होते, तरी विनोबा सेवाग्रामला जाऊन राहिले नाहीत. आधी नालवाडीत आणि १९३८ पासून पवनारला त्यांनी सूतकताई, चर्मोद्योग आणि गावसफाईची कामे चालवली. लक्ष्मण होण्याची सोय असताना त्यांनी भरत होणे निवडले. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्यांना पुढे केले, तेव्हा हा माणूस कोण असे देश विचारू लागला आणि गांधीजींना ‘हरिजन’मध्ये त्यांची ओळख करून द्यावी लागली.

३० जानेवारी १९४८ रोजी वाटाड्या गेला. मार्चमध्ये सेवाग्रामला गांधीजींचे सहकारी जमले. जवाहरलाल नेहरू, राजेंद्रप्रसाद, मौलाना आझाद, जयप्रकाश नारायण, कुमारप्पा आणि विनोबा तिथे होते. आता मार्ग कोण दाखवणार, हा सगळ्यांच्या मनातला प्रश्न होता. स्वर्गाच्या दाराशी मागे वळून पाहणाऱ्या दान्तेचाच तो प्रश्न होता. बैठकीतून सर्वोदय समाज निघाला, पण प्रश्नाचे उत्तर तीन वर्षांनी पायांनी दिले गेले. हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन होते. तिथे विनोबा पायीच निघाले. संमेलनानंतर ते अशांत तेलंगणात शिरले. १८ एप्रिल १९५१ रोजी नलगोंडा जिल्ह्यातल्या पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. गावात कुणी देऊ शकेल का, असे त्यांनी सभेत विचारले आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केले. भूदानाची वाट अशी सापडली. ती गांधीजींच्या कोणत्याही पुस्तकात आखून ठेवलेली नव्हती.

त्या सप्टेंबरात पवनारहून विनोबा पुन्हा निघाले, ते देशभर चालून एप्रिल १९६४ मध्ये पवनारला परतले. चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन जाहीर झाली. तिच्यातली बरीच प्रत्यक्षात वाटली गेली नाही, आणि भूदानाचा हिशेब मांडताना तेही सांगितले पाहिजे. तरी आपल्या विषयासाठी महत्त्वाचे ते वेगळे आहे. गुरूच्या शब्दांची राखण करीत सेवाग्रामला बसणे सोपे होते. विनोबांनी गुरूच्या श्रद्धेवर उभे राहून, गुरूला न सुचलेली वाट काढली. नामदेवांनी पंजाबात केले ते हेच.

स्वतः वाटाड्या झाल्यावर त्यांनी आपल्याबाबतही तोच नियम पाळला. पदयात्रा चालू असतानाच, २५ मार्च १९५९ रोजी, त्यांनी पवनारला ब्रह्मविद्या मंदिर स्थापले. सामूहिक साधना करणाऱ्या भगिनींचा हा आश्रम, आणि निर्णय सगळ्यांनी मिळून सर्वसंमतीने घ्यायचे, कुणा एकाच्या हुकमाने नाहीत. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारला विनोबांचे देहावसान झाले, पण आश्रमाचे काम थांबले नाही.

आपण आपल्या गुरूंविषयी बोलतो तेव्हा त्यांच्या सहवासाच्या आठवणी सांगतो. कवी मात्र आपल्याकडून अधिक मागतात. व्हर्जिल निघून गेल्यानंतरही दान्तेला तेहतीस सर्गांचा स्वर्ग लिहावा लागला. आळंदीनंतर नामदेवांना घुमानपर्यंत जावे लागले. म्हणून ज्याने आपल्याला वाट दाखवली त्याचे ऋण मोजायचे असेल तर तो किती दिवस बरोबर होता हे पाहू नये. तो नसताना आपण कोणते पाऊल टाकले आणि त्या पावलाने मागून येणाऱ्या कुणाची वाट सोपी झाली का, हे पाहावे. शिकवणाऱ्यांनीही हा प्रश्न स्वतःला विचारावा: माझा विद्यार्थी माझ्याशिवाय चालू शकतो का? उत्तर हो असेल तर आपले काम झाले, असे समजून त्यांनी निश्चिंतपणे बाजूला व्हावे.